बाटल्यांच्या अदलाबदलीसाठी बिअरचा प्रकार कसा ठरवावा: कोकणच्या हवेतलं गणित

घरी बिअर बनवणारे आपापल्या बाटल्या एकमेकांना देतात, त्या अदलाबदलीच्या दिवशी दहा जण जमतात, दहा खोकी उघडतात आणि त्यातून सहा आयपीए (हॉप्सच्या फुलांनी कडू आणि सुगंधी केलेल्या बिअर) निघतात. तिघांच्या आयपीएला ओल्या पुठ्ठ्याचा वास. एकाची बाटली उघडताच निम्मी बिअर टेबलावर. कुणीतरी बिनफ्रिजची पिल्सनर (थंडीत आंबवावी लागणारी फिकट लागर) आणलेली असते, तिला सफरचंद आणि नेलपॉलिश यांच्या मधला कुठलातरी वास येतो. बनवणारे बहुतेक जण घरी चांगली बिअर बनवतात. घोटाळा दोन महिने आधी, प्रकार ठरवताना झालेला असतो.

घरच्या फ्रिजमधली बाटली आणि दुसऱ्याच्या हातात जाणारी बाटली यांत फरक आहे. दुसरी बाटली गाडीच्या डिकीत तापते, मुंबई-गोवा महामार्गावर हिंदकळते, कुणाच्या तरी माळ्यावर पंधरा दिवस पडून राहते आणि तुम्ही समोर नसताना उघडली जाते. कोकणात यात दमट हवा आणि वर्षभराचा उकाडा भर घालतो. आवडीचा प्रकार बनवायला एरवी हरकत नाही. अदलाबदलीसाठी मात्र हे सगळं सोसणारा प्रकार निवडायचा. पुढचे टप्पे दिलेल्या क्रमानेच घ्या, कारण मधला एखादा गाळला की त्याच्या पुढचं गणित चुकतं.

आधी कायदा. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, 1949 प्रमाणे मद्य बनवणं, बाळगणं आणि वाहून नेणं परवान्याच्या कक्षेत येतं. ‘घरच्यापुरतं’ म्हणून आपोआप सूट मिळते असं धरून चालू नका. गटाने आपली स्थिती राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या जिल्हा कार्यालयात विचारून घ्यावी आणि मगच तारीख ठरवावी. बाटलीची विक्री नाही, कुरिअर नाही, गोव्याच्या हद्दीतून बाटल्यांची ने-आण नाही आणि 21 वर्षांखालचा सभासद नाही, हे चार नियम पहिल्याच बैठकीत लिहून ठेवा.

## टप्पा 1: तारीख आधी, प्रकार नंतर

बहुतेक गट उलट करतात. प्रत्येक जण प्रकार जाहीर करतो, मग तारीख ठरते आणि निम्म्यांची बिअर एक तर कच्ची असते किंवा उतरणीला लागलेली.

कोकणात अदलाबदलीला सोयीचा काळ जानेवारीचा उत्तरार्ध ते फेब्रुवारीचा मध्य. आंबवण डिसेंबर-जानेवारीत होतं, तेव्हा रात्री 20 अंशांच्या आसपास उतरतात. एप्रिल-मे बादच करा. पावसाळ्यात वीज जाते, माल्ट (मोड काढून वाळवलेलं जव) सादळतं, भिंतींना बुरशी धरते. तेव्हा बिअर बनवता येते, पण दहा जणांची एकाच वेळी जमणं अवघड. 26 जानेवारीला ड्राय डे असतो, तो शनिवार-रविवारला जोडून आला की नेमका तोच दिवस ठरवला जातो. तसं करू नका.

समजा फेब्रुवारीचा पहिला रविवार ठरला. आता तिथून मागे मोजा:

- क्वाइक या उकाडा सोसणाऱ्या नॉर्वेच्या यीस्टची पेल एल (फिकट, मध्यम कडू बिअर): 4 आठवडे. जानेवारीच्या सुरुवातीला बनवायची.
- व्हीट बिअर: 4 ते 5 आठवडे. त्याहून आधी बनवली तर ताजेपणा जातो.
- कोकम घालून गोझं (मीठ आणि धणे घातलेली आंबट जर्मन बिअर): 5 आठवडे.
- सेझॉन (बेल्जियमची कोरडी बिअर): 7 आठवडे, म्हणजे डिसेंबरच्या मध्यावर.
- 6-7 टक्क्यांची स्टाउट (भाजलेल्या माल्टची काळी बिअर): 8 ते 9 आठवडे, डिसेंबरच्या आरंभी.
- ट्रिपल किंवा तशी जड बिअर: 14 आठवडे तरी. म्हणजे ऑक्टोबरअखेर, नेमक्या ऑक्टोबर हीटमध्ये. आंबवणासाठी वेगळा फ्रिज असेल त्यानेच या वाटेला जावं.

या हिशेबात एक मोकळा आठवडा धरलेला आहे. तो काढून टाकू नका, कारण एखादी बॅच हमखास रेंगाळते. आणि मार्गशीर्षात गटातले बरेच जण चाखत नाहीत. चाचणीची बाटली कोण चाखणार, हेही आधीच ठरवा.

## टप्पा 2: खोलीचं नव्हे, फर्मेंटरचं तापमान मोजा

‘आमच्याकडे 26 असतं’ हे भिंतीवरच्या तापमापकाचं वाक्य आहे. आंबवण जोरात असताना फर्मेंटरमधलं (आंबवणाच्या भांड्यातलं) 19-20 लिटर वर्ट (माल्टचं गोड पाणी) आपल्या उष्णतेने खोलीपेक्षा 3 ते 5 अंश वर जातं. म्हणजे 26 च्या खोलीत यीस्ट 30 वर काम करतंय.

1. प्रकार ठरवण्याच्या आठवडाभर आधी, जिथे फर्मेंटर ठेवणार तिथे 20 लिटर पाण्याची बादली ठेवा.
2. पहाटे, दुपारी तीनला आणि रात्री दहाला पाण्याचं तापमान लिहा. पाणी हवेइतकं चढउतार करत नाही, म्हणून आकडा खरा मिळतो.
3. सर्वांत वरच्या आकड्यात 4 मिळवा. ते तुमचं आंबवणाचं तापमान.

तापमान कमी करायला ओला टॉवेल आणि पंखा ही युक्ती वाचनात येते. ती नागपूरला चालेल, मालवणला नाही. हवाच दमट असेल तर टॉवेल वाळत नाही, आणि वाळला नाही तर गारवा नाही. कोकणात चालतो तो घंगाळाचा उपाय: मोठ्या टबात फर्मेंटर उभा करायचा, बिअरच्या पातळीच्या निम्म्यापर्यंत पाणी भरायचं आणि दोन-दोन लिटरच्या दोन गोठवलेल्या बाटल्या सकाळ-संध्याकाळ बदलायच्या. यातून खोलीपेक्षा साधारण 4-5 अंश खाली उतरता येतं. पहिले तीन दिवस तरी हे चुकवू नका, कारण नकोसे फळाचे वास आणि डोकं चढवणारे जड अल्कोहोल बहुतेक त्याच वेळात तयार होतात. जुना फ्रिज आणि तापमान नियंत्रक असेल तर प्रश्नच मिटतो, फक्त वीज गेल्यावर दार उघडून बघायचा मोह आवरा.

तपासणी: आकडा लिहून झाला का? ‘साधारण गार असतं’ हे उत्तर असेल तर पुढे जाऊ नका.

## टप्पा 3: आकड्याला झेपणारे प्रकार

30 ते 38 अंश, फ्रिज नाही. व्हॉस क्वाइक. लॅलेमंड कंपनीचं सुकं व्हॉस यीस्ट 25 ते 40 अंशांत चालतं आणि 35-40 लाच उत्तम वागतं. गंमत अशी की हे यीस्ट कोकणात गार पडल्यावर कुरकुरतं, म्हणून त्याला घंगाळ नको, गोधडी हवी. संत्र्याच्या सालीसारखा हलका वास येतो. मूळ ग्रॅव्हिटी (आंबवण्याआधीची घनता, पाण्याची 1.000 धरून) 1.045 ते 1.055, मध्यम कडवटपणा. नवख्याने बिनधास्त हेच घ्यावं.

24 ते 33 अंश. सेझॉन. बेल सेझॉन यीस्ट 35 पर्यंत तग धरतं. सुरुवात 24-25 वर करून चौथ्या दिवसानंतर चढू द्या. पण हे यीस्ट डायास्टॅटिकस जातीचं आहे. इतर यीस्ट ज्या जड शर्करा सोडून देतात त्याही ते सावकाश खातं. टप्पा 7 मधला धोका मुख्यतः त्याचाच.

कितीही उकाडा, पण पीएच मोजायचं साधन हवं. गोझंसारखी आंबट बिअर. लॅक्टोबॅसिलसला (आंबटपणा आणणाऱ्या जिवाणूंना) 35-40 अंश लागतातच, कोकणची हवा इथे मदतीलाच येते.

22-24 अंशांपर्यंत उतरता येत असेल. स्टाउट आणि पोर्टर. भाजलेल्या माल्टच्या चवीत थोडं ऑक्सिडेशन आणि थोडी फळाची झाक झाकली जाते, म्हणून प्रवासाला या दणकट. अदलाबदलीसाठी फॉरेन एक्स्ट्रा स्टाउट सर्वांत भरवशाची: मूळ ग्रॅव्हिटी 1.056 ते 1.075, अल्कोहोल 6.3 ते 8 टक्के. हलकी आयरिश स्टाउटही चांगली, पण ती दोन महिन्यांत पातळ लागू लागते.

20-22 अंश, फक्त डिसेंबर-जानेवारी. व्हीट बिअर. 28-30 अंशांना जर्मन व्हीट यीस्ट केळ्याचा वास सोडून पार पिकलेल्या बरक्या फणसापर्यंत जातं. काहींना आवडतो, दुसऱ्या ग्लासाला कुणालाच नाही.

आता नकोत ते प्रकार. लागर आणि पिल्सनर फ्रिजशिवाय नको. न्यू इंग्लंड आयपीए अदलाबदलीला नकोच, फ्रिज असला तरी. बाटली भरताना शिरलेल्या थोड्याशा हवेनेही ती दोन-तीन आठवड्यांत पिवळ्याची तपकिरी होते आणि वास मावळतो. हॉप्सवर जगणाऱ्या बिअरसाठी 3-30-300 हा ठोकताळा लक्षात ठेवा: 32 अंशांना तीन दिवसांत जितकं नुकसान, तितकंच 22 अंशांना तीस दिवसांत आणि 3 अंशांना तीनशे दिवसांत. बाटली घेऊन जाणारा माणूस ती लगेच फ्रिजमध्ये टाकेल याची खात्री नसेल तर ड्राय हॉपिंगचा (वासासाठी उकळीनंतर हॉप्स घालण्याचा) खर्च वाचवा.

पाण्याचाही इथेच विचार करा. नळाच्या पाण्यात क्लोरीन असेल तर व्हीट आणि सेझॉनमध्ये औषधी पट्टीसारखा वास पक्का. 20 लिटरला चिमूटभर पोटॅशियम मेटाबायसल्फाइट पुरतं. जांभ्यातल्या विहिरीचं पाणी बहुधा मऊ असतं, फिकट बिअरना ते छान. खाडीलगतच्या विहिरी मात्र उन्हाळ्याकडे मचूळ होतात. पाणी जिभेला जरा जरी खारट लागलं तरी त्यात काळी किंवा कडू बिअर करू नका.

## टप्पा 4: गटाचा तक्ता

इथे एक नियम कटाक्षाने पाळा: ज्याच्याकडे साधनं कमी, त्याने प्रकार आधी निवडायचा. फ्रिजवाल्याला काहीही करता येतं. बिनफ्रिजवाल्याकडे तीन-चारच पर्याय असतात, आणि ‘पहिला बोलेल त्याचं’ या पद्धतीत नेमके तेच अनुभवी लोक उचलतात. मग नवख्याच्या वाट्याला व्हीट येते आणि फणसाचा वास येतो.

दहा जणांच्या गटाला अशी विभागणी जमते: दोन हलक्या कोरड्या, दोन गव्हाच्या किंवा सेझॉन, दोन आंबट वा फळाच्या, तीन काळ्या, एक मोकळी जागा. काळ्या तीन कशाला, असा प्रश्न येईल. कारण प्रवासात त्याच टिकतात, आणि पोर्टर, कोरडी स्टाउट, जड स्टाउट या तिन्हींच्या चवी पुरेशा वेगळ्या आहेत.

तक्त्यात प्रत्येकाने लिहायचं: प्रकार, यीस्ट, अपेक्षित मूळ आणि शेवटची ग्रॅव्हिटी, बनवण्याची तारीख, बाटली भरण्याची तारीख, पर्यायी प्रकार. शेवटचा रकाना बरेच गट ठेवत नाहीत. बॅच बिघडली तर चार आठवड्यांत होणारी क्वाइक पेल एल हा सगळ्यांचा पर्याय असू द्या, आणि त्याचं माल्ट आणि यीस्ट आधीच घरात असू द्या. पुण्या-मुंबईहून मागवलेलं पार्सल ऐन वेळी येत नाही.

नावं ठरवताना वाद नको असतील तर बीजेसीपी या बिअर-परीक्षकांच्या संस्थेची 2021 ची मार्गदर्शिका समोर ठेवा. ‘ही स्टाउट की पोर्टर’ यावर रात्र घालवण्यापेक्षा तिथले आकडे बघावेत. मात्र प्रकाराच्या चौकटीत बसली नाही म्हणून बिअर वाईट ठरत नाही. चिठ्ठीवर खरं नाव लिहिलं की झालं.

सावधान: एकाच प्रकाराच्या दोन बाटल्या मुद्दाम ठेवायच्या असतील तर एकच माल्ट आणि वेगळं यीस्ट असं ठरवून करा. योगायोगाने दोन सारख्या आल्या तर तुलनेतून काही शिकायला मिळत नाही.

## टप्पा 5: कोकणातले जिन्नस, बेताने

प्रत्येकाला आपल्या परसातलं काहीतरी घालायचं असतं. दहातल्या चार बाटल्यांत स्थानिक जिन्नस पुरे.

पोहे सर्वांत सोपे. तांदूळ मॅशमध्ये (गरम पाण्यात भिजवलेल्या माल्टमध्ये) घालण्याआधी शिजवावा लागतो, पोह्यांचा स्टार्च आधीच शिजलेला असतो. साधे जाड पोहे न धुता थेट मॅशमध्ये, एकूण धान्याच्या 15-20 टक्के. हलकी, कोरडी बिअर मिळते. नाचणी मोड काढून, वाळवून, हलकी भाजून 10 टक्क्यांपर्यंत स्टाउटमध्ये शोभते. नारळ भाजून स्टाउटमध्ये घालतात, पण त्याचं तेल फेस मारतं. कीस भाजल्यावर टिपकागदात दाबून तेल काढा. हापूस महाग पडतो आणि निराश करतो: रसातली साखर यीस्ट खाऊन टाकतं, उरतो तो कोयीजवळचा आंबूस वास. लिटरला 100 ग्रॅमपेक्षा कमी रस असेल तर आंबा फक्त चिठ्ठीवरच राहतो. त्रिफळ सेझॉनमध्ये अप्रतिम लागतं आणि चार दाणे जास्त झाले तर जीभ बधिर करतं. ते थोड्या व्होडकात आठवडाभर भिजवून, तो अर्क थेंबाथेंबाने ग्लासात घालून प्रमाण ठरवा.

कोकमाचं मात्र नीट बघू, कारण सर्वांत जास्त चुका इथे होतात. बाजारात तीन वेगळ्या गोष्टी कोकमाच्या नावाने मिळतात. आमसूल म्हणजे वाळवलेली सालं. आगळ म्हणजे मीठ घातलेला रस. अमृत कोकम म्हणजे साखरेचा पाक. अमृत कोकम बिअरमध्ये नको, त्यातली साखर बाटलीत आंबते आणि बाटली फुटते. आगळ चालतं, कारण गोझं या प्रकारात मीठ असतंच. पण म्हणूनच पाककृतीतलं वेगळं मीठ वगळायचं. दोन्ही घातलं की सोलकढीत चुकून दोनदा मीठ पडल्यासारखी गत होते.

1. आगळाच्या बाटलीवरचं लेबल वाचा. सोडियम बेंझोएट लिहिलेलं असेल तर ते घेऊ नका. आंबट बिअरमध्ये ते यीस्टला दाबतं, मग बाटलीत वायूच धरत नाही. घरगुती आगळ सर्वांत बरं.
2. वर्ट 35-40 अंशांना लॅक्टोबॅसिलसने आंबवा. पीएच 3.4 च्या आसपास आला की उकळून थांबवा. कोकम स्वतः आंबट आहे, म्हणून 3.2 पर्यंत खेचू नका. कुटलेले धणे उकळीच्या शेवटच्या पाच मिनिटांत, लिटरला 1 ग्रॅम.
3. निवल्यावर यीस्ट घाला. आंबवण शांत झालं की 100 मिलीचे चार ग्लास भरा. औषधाच्या सिरिंजने एकेकात 1, 2, 3 आणि 4 मिली आगळ घाला.
4. चारही ग्लास गार करून चाखा. कोमट बिअर जास्त खारट लागते आणि अंदाज चुकतो.
5. समजा 2 मिलीचा ग्लास पसंत पडला. म्हणजे लिटरला 20 मिली, 12 लिटरला 240 मिली. एवढं आगळ फर्मेंटरमध्ये घाला आणि बाटली भरायला किमान चार दिवस थांबा. आगळात नैसर्गिक साखर थोडी असते, ती आधी संपू द्या.

रंग सुंदर जांभळट लाल येतो. तो पाहून आणखी घालायचा मोह होतो, तो टाळा.

सावधान: माडाच्या बागेत, काजूबोंडांच्या दिवसांत चिलटं फर्मेंटरवर घिरट्या घालतात. एक चिलट आत गेलं तरी त्याच्यासोबत रानटी यीस्ट आणि व्हिनेगर करणारे जिवाणू जातात. नमुना काढताना झाकण पूर्ण उघडू नका.

## टप्पा 6: किती बनवायची

दहा जणांच्या गटात द्यायच्या नऊ बाटल्या, चाचणीच्या दोन, ताणचाचणीची (टप्पा 9) एक आणि स्वतःची एक, अशा तेरा. 650 मिलीच्या तेरा म्हणजे साडेआठ लिटर. गाळ आणि नासधूस धरून 12 लिटरची बॅच बनवा. पुष्कळ जण सवयीने 19 लिटर बनवतात आणि टबात बसत नाही म्हणून तापमान सोडून देतात. लहान बॅच गार ठेवणं सोपं.

6 टक्क्यांवरची बिअर 330 मिलीमध्ये भरा. दुसऱ्याला अख्खी 650 मिली जड स्टाउट एका बैठकीत संपवायला लावणं बरं नाही.

बाटल्या गडद तपकिरीच. हिरव्या आणि पांढऱ्या काचेतून उजेड शिरतो आणि हॉप्सना कुबट वास धरतो. तोंडाला टवका गेलेली, तळाशी वर्तुळाकार ओरखडे पडलेली बाटली बाजूला काढा. सजावटीच्या दुकानातल्या बुचाच्या बाटल्या दाबासाठी बनवलेल्या नसतात, त्या अजिबात नकोत.

## टप्पा 7: आंबवण खरंच संपलं का

‘बुडबुडे थांबले’ हा पुरावा नाही. ग्रॅव्हिटी मोजणाऱ्या हायड्रोमीटरवर तीन दिवसांच्या अंतराने दोनदा एकच आकडा आला पाहिजे.

त्यातही कोकणात एक फसवणूक होते. बहुतेक हायड्रोमीटर 20 अंशांना जुळवलेले असतात. 30 अंशांच्या बिअरमध्ये ते सुमारे 0.0025 कमी दाखवतात. 1.010 दिसलं तर खरा आकडा 1.012 ते 1.013 आहे. ‘ठरलेल्या आकड्याला पोचली’ म्हणून भरलेली बिअर प्रत्यक्षात पोचलेली नसते. नमुना बर्फाच्या भांड्यात 20 अंशांवर आणून मोजा.

शेवटचा आकडा कुठे असेल हे आधी कळायचा उपाय: बनवण्याच्या दिवशी 200 मिली वर्ट वेगळं काढा, त्यात नेहमीच्या पाचपट यीस्ट घाला, उबदार जागी ठेवा आणि दिवसातून चार वेळा हलवा. दोन-तीन दिवसांत ते जितकं उतरेल, जवळपास तितकीच मुख्य बॅच उतरणार. सेझॉनला मात्र ही चाचणी आठवडाभर चालवा.

याचं कारण असं. साधारण 2 पॉइंट (0.002) ग्रॅव्हिटी बाटलीत उतरली की 1 व्हॉल्यूम (बिअरच्या आकारमानाइतका) वायू वाढतो. बेल सेझॉन 1.008 ला थांबल्यासारखी वाटते आणि नंतर हळूहळू 1.002 पर्यंत जाते. 6 पॉइंट म्हणजे 3 व्हॉल्यूम. प्रायमिंगचे (फेसासाठी बाटली भरताना घातलेल्या साखरेचे) 2.5 धरले तर साडेपाच, म्हणजे जवळजवळ शॅम्पेनइतका दाब, आणि तो साध्या बिअरच्या बाटलीत. ही बाटली तुमच्या घरी नाही, दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात फुटते.

सावधान: डायास्टॅटिकस यीस्टला लावलेली नळी, तोटी आणि प्लास्टिकचा फर्मेंटर इतर बिअरसाठी वापरू नका. प्लास्टिकच्या ओरखड्यात राहिलेलं यीस्ट पुढच्या स्टाउटलाही फुगवतं.

## टप्पा 8: प्रायमिंगची साखर

सूत्र सोपं आहे: (हवा असलेला वायू वजा आधीच विरघळलेला वायू) × 4 × लिटर = साखर ग्रॅममध्ये.

आधीच विरघळलेला वायू आंबवण संपल्यानंतरच्या सर्वांत जास्त तापमानावर ठरतो. 30 अंशांना तो 0.7 व्हॉल्यूम, 20 अंशांना 0.86. बिअर नंतर फ्रिजमध्ये गार केली तरी गणिताला आधीचं वरचं तापमानच घ्यायचं.

12 लिटर गोझं, सर्वाधिक 30 अंश, हवा असलेला वायू 2.4: (2.4 − 0.7) × 4 × 12 = 81.6. म्हणजे 82 ग्रॅम. काट्यावर मोजा, चमच्याने नाही.

अदलाबदलीसाठी मर्यादा अशा ठेवा: स्टाउट-पोर्टर 2.0 ते 2.2, पेल एल 2.3, गोझं 2.4, व्हीट आणि सेझॉन 2.6. पुस्तकात शेवटच्या दोघींना 3 आणि त्याहून वर लिहिलेलं असतं, पण ते जाड काचेसाठी आणि गार तळघरासाठी. 20 अंशांना बाटलीत जितका दाब असतो त्याच्या जवळजवळ दुप्पट 40 अंशांना होतो, आणि उन्हात उभ्या गाडीची डिकी 40 वर सहज जाते.

साधी साखर वापरा. पिठीसाखरेत काही वेळा स्टार्च मिसळलेला असतो, गुळात ओल किती हे कळत नाही. साखर 200 मिली पाण्यात पाच मिनिटं उकळून, गार करून, भरायच्या भांड्यात आधी ओता आणि त्यावर बिअर नळीने तळापासून सोडा. चमच्याने सावकाश दोन वेढे द्या. न ढवळल्यास काही बाटल्या सपाट आणि काही कारंजी निघतात. जोरात ढवळल्यास हवा शिरते. बाटलीत वर अडीच-तीन सेंटिमीटर जागा सोडा.

प्रत्येक बॅचची एक लहान प्लास्टिकची सोड्याची बाटली भरा. ती हाताला दगडासारखी कडक लागली की वायू धरला. कोकणात याला 7 ते 10 दिवस पुरतात.

## टप्पा 9: ताणचाचणी

हा टप्पा जवळजवळ कुणीच करत नाही. भरल्यापासून दहाव्या दिवशी एक बाटली गोणपाटात गुंडाळा, झाकणाच्या बादलीत ठेवा, झाकणावर वजन ठेवा आणि बादली घरातल्या सर्वांत गरम जागी, पत्र्याखाली वगैरे, पाच दिवस ठेवा. माणसांची, मुलांची ये-जा नको. मग बादली न उघडता रात्रभर सावलीत थंड होऊ द्या, बाटली बाहेर काढताना चष्मा आणि जाड हातमोजे घाला, दोन दिवस फ्रिजमध्ये ठेवा आणि उघडा.

- फेस गळ्यातच राहिला: बॅच द्यायला योग्य.
- फेस हळूहळू वर येऊन ओघळला: वायू जास्त आहे. बाकी बाटल्या लगेच फ्रिजमध्ये टाका आणि गार खोक्यातूनच द्या, चिठ्ठीवर तसं लिहा.
- कारंजं उडालं: बॅच अदलाबदलीतून काढा. गार करून, एकेक झाकण हळूच सैल करून वायू सोडा आणि घरीच संपवा. पर्यायी प्रकार आठवा.

चव घेताना तीनच गोष्टी बघा: ओल्या पुठ्ठ्याचा वास, व्हिनेगरची झाक, लोण्याचा वास. लोण्याचा वास आला तर आणखी आठवडाभर 25 अंशांच्या आसपास ठेवून बघा, यीस्ट तो बऱ्याचदा ओढून घेतं. पहिल्या दोघांवर उपाय नाही.

## टप्पा 10: चिठ्ठी, प्रवास, उघडणं

दमट हवेत शाई पसरते, म्हणून चिठ्ठी पेन्सिलीने किंवा पक्क्या मार्करने लिहा आणि दुधाने चिकटवा. दूध सुकल्यावर घट्ट बसतं, पाण्यात सहज सुटतं. चिठ्ठीवर प्रकार, अल्कोहोल टक्के (मूळ ग्रॅव्हिटीतून शेवटची वजा करून आलेला आकडा × 131), भरल्याची तारीख, ‘या तारखेआधी प्या’, आणि जिन्नस. लॅक्टोज, काजू, नारळ असेल तर ठळक. बिअर निवळायला जिलेटिन किंवा माशापासूनचं आयझिंग्लास वापरलं असेल तर लिहिलंच पाहिजे. गटातल्या शाकाहारी माणसाला ते नंतर कळणं फार वाईट.

बाटल्या उभ्या, भाज्यांच्या क्रेटमध्ये, मधे वर्तमानपत्र, वर ओलं गोणपाट. पहाटे निघा. स्वतःची गाडी, डिकीपेक्षा सीटखालची जागा बरी. आणि चाखून झाल्यावर गाडी कोण चालवणार, हे खोकी उघडण्याआधी ठरवा.

घरी पोचल्यावर बाटली उभी ठेवून गाळ खाली बसू द्यायचा: स्टाउट-पोर्टरला दोन दिवस, गोझं आणि सेझॉनला तीन. व्हीटचा गाळ तर ढवळूनच ओततात, तिला थांबायची गरज नाही. आधी पेल एल आणि व्हीट उघडा, पंधरा दिवसांत. मग आंबट. स्टाउट शेवटी, महिनाभर थांबली तरी चालेल.

उघडल्यावर बनवणाऱ्याला तीन ओळी लिहून पाठवा: किती दिवसांनी उघडली, कुठे ठेवली होती, फेस कसा होता. ‘मस्त होती’ याचा त्याला पुढच्या बॅचसाठी काही उपयोग नाही. रिकामी बाटली लगेच तीन पाण्यांनी खंगाळून उलटी ठेवा, आणि पुढच्या भेटीला त्याच क्रेटमधून परत न्या.